भोंग्याचा अडकलेला आवाज

वहिनी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर होत्या. कापडाचे थरावर थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि विजेची सुरी फिरवायची, हे त्यांचं काम. सुरी एकदा चालू झाली की मध्येच थबकून चालत नाही, आणि वहिनींचा स्वभावही तसाच होता. कारखान्यात, गल्लीत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत, आणि त्या रागावल्या की म्हणायच्या आधी जरा बाजूला सरकत.

नवरा बस डेपोत निवेदक. कुठली बस कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं मूल कुठे हरवलंय, हे सगळं त्याच्या तोंडून गावभर व्हायचं. डेपोतले लोक त्याला प्रेमाने भोंगा म्हणत. आवाज असा, की बस चुकलेल्या माणसालाही ती चुकल्याची बातमी ऐकून फारसं वाईट वाटू नये. त्याच भोंग्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. माणूस वाचला, पण श्वास आता गळ्याच्या खालच्या भोकातून, आणि तोंडातून शब्द एक नाही. वहिनी कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे छोटे पडदे शिवून त्याच्या गळ्यावर बांधत. एक दिवस शाळेचा निळा, एक दिवस परिचारिकांचा पांढरा.

ऑपरेशनच्या आधी इस्पितळातल्या वाचा-विभागाने एक चांगलं काम करून ठेवलं होतं. तिथल्या बाईंनी, ज्यांना वहिनी वाचाबाई म्हणत, भोंग्याला काचेच्या खोलीत बसवून त्याच्याकडून ढिगाने वाक्यं वाचून घेतली होती. त्यावरून त्याचा आवाज तयार होणार होता. लॅपटॉपवर टाईप केलं की त्याच्याच आवाजात बोलणार.

"तयार झाला की फाईल पाठवू," वाचाबाई म्हणाल्या होत्या. "फाईल उघडायची, इन्स्टॉल करायची, बस्स."

तोवर भोंगा पाटीवर लिहायचा. घरात ते भागत होतं. डेपोच्या समितीपुढे भागलं नाही.

समिती होती तीन माणसांची: एक अध्यक्ष, एक डॉक्टरीणबाई आणि डेपोचे व्यवस्थापक. भोंग्याला चौकशीच्या खिडकीवर बसवायचं की 'कामास अयोग्य' असा शेरा मारून घरी पाठवायचं, हे त्यांनी ठरवायचं होतं. पहिल्या बैठकीला वहिनी सोबत गेल्या आणि नवऱ्याच्या वतीने बोलायला लागल्या, तर अध्यक्षांनी हात वर केला.

"तुम्ही नका बोलू बाई. अर्जदाराला स्वतःला बोलू द्या."

वहिनींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अहो, त्यांचं स्वरयंत्र काढलंय."

"ते कागदावर आहे आमच्याकडे. पण नियम म्हणजे नियम. बाजू त्यांनी स्वतः मांडायची."

भोंग्याने पाटीवर भराभर लिहून ती पुढे धरली. अध्यक्षांनी लांबूनच मान हलवली. खडूचं अक्षर म्हणे दप्तरी लागत नाही. बैठक पुढे ढकलली. घरी येईपर्यंत वहिनी वाटेतल्या खांबांशीसुद्धा भांडत आल्या. ज्याचा गळा कापलाय त्याला म्हणतात बोल! भोंगा शेजारून चालत होता आणि अधूनमधून त्यांचा हात धरून रस्त्याच्या कडेला ओढत होता, कारण रागाच्या भरात त्या रहदारीकडे बघत नव्हत्या.

पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी फाईल आली.

वहिनींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी नवऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. लॅपटॉप जुना होता. तो धाकट्या दिरांनी दिलेला. दीर दुसऱ्या शहरात संगणकाचं काम करत. मागच्या भेटीत त्यांनीच त्यावरचं विंडोज काढून लिनक्स घालून दिलं होतं. "वहिनी, जुनं यंत्र आहे, पण लिनक्सवर नुसतं पळेल," असं सांगून गेले होते. वाचाबाईंनीही मुद्दाम त्याला चालणारीच फाईल पाठवली होती. फाईल उतरली. डेस्कटॉपवर तिचं चित्र दिसायला लागलं, छोट्या खोक्याचं. खाली भोंग्याचं नाव.

भोंग्याने त्यावर दोनदा टिचकी मारली. एक खिडकी उघडली. 'इन्स्टॉल करा' असं बटण आलं. त्याने ते दाबलं, पासवर्ड घातला, आणि पडद्यावर एक गोल फिरायला लागला. 'तयारी चालू आहे.'

दोघंही सावरून बसले. भोंग्याने तर शर्टाची कॉलर नीट केली.

गोल फिरत राहिला. वहिनी चहा करून आल्या. गोल फिरतोय. चहा पिऊन झाला, कपबशा विसळून झाल्या, दोरीवरचे कपडे घड्या घालून कपाटात गेले. गोल फिरतोय.

"कसली तयारी चालू आहे याची?" वहिनी म्हणाल्या. "लग्नाला निघालंय का?"

भोंग्याने 'रद्द करा'वर टिचकी मारली. ते बटण करड्या रंगाचं होऊन पडलेलं. दाबलं तरी दबेना. शेवटी केव्हातरी गोल आपणहून थांबला आणि एक पाटी आली, 'काहीतरी चुकलं.'

"काहीतरी?" वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, काय चुकलं, कुणाचं चुकलं, ते लिही की! कारखान्यात मी असं सांगितलं तर चालेल? शर्टाला तिसरी बाही कशी लागली, तर काहीतरी चुकलं!"

भोंगा हसायला लागला. त्याचं हसणंही आता गळ्याच्या भोकातून यायचं, फसफस असं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा गोल.

मदतीसाठी एक नंबर दिला होता. वहिनींनी तो लावला. आधी बराच वेळ बासरी वाजली, मग एक मुलगा बोलला. आवाज गोड, पण पाठ केलेला.

"मॅडम, तुमचं इंटरनेट चांगलं ठेवा आणि थोडी वाट बघा."

"इंटरनेट कशाला हवं? फाईल तर आली आहे. इथे डोळ्यांसमोर आहे."

"हो मॅडम, पण इंटरनेट चालू असलेलं बरं. आणि असं आहे ना, बाकी कुणाचीही तशी तक्रार आलेली नाही."

वहिनींनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "येईल कशी? तक्रार करायला आवाज लागतो ना! त्यांचे आवाज तर तुमच्याकडे अडकलेत!"

पलीकडे एक बटण दाबल्याचा आवाज आला. मग पुन्हा बासरी.

मग दिरांना फोन. दीर कामात होते. दबक्या आवाजात बोलत होते.

"काय झालं वहिनी?"

"काय होणार भाऊजी? काहीच होत नाहीये, तेच झालंय. पळेल म्हणालात, पळतंय कुठलं, बूड टेकून बसलंय ते."

"फाईलवर डबल-क्लिक केलंत ना? होतं कधी कधी असं. थोडा धीर धरा."

"दीर तुम्ही, आणि धीर मी धरू? तुम्हालाच धरते, या इकडे! उद्या सकाळी समिती आहे. ह्यांनी तोंड उघडलं नाही तर ते अयोग्य म्हणून शिक्का मारून मोकळे होतील."

दीर घाबरले असावेत, कारण ते खोलीबाहेर आले आणि मोठ्याने बोलायला लागले. त्यांनी एक काळी खिडकी उघडायला सांगितली, तिला टर्मिनल म्हणतात म्हणे. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, वहिनींनी ते मोठ्याने म्हटलं, भोंग्याने टाईप केलं. त्या खिडकीत एक ओळ उमटली. भोंग्याने ती वाचली आणि पाटीवर मराठीत लिहून बायकोपुढे धरली: कुलूप दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे, वाट बघतोय.

"भाऊजी, हे म्हणतंय कुलूप दुसऱ्या कुणीतरी धरलंय. घरात तर आम्ही दोघंच आहोत."

"हां हां, म्हणजे मागे काहीतरी अपडेट चालू असेल. एका वेळेला एकच काम करतं ते. आधी नवीन काय काय आलंय त्याची चौकशी करत असेल, ती संपली की कुलूप सोडेल. बंद मात्र करू नका हं मध्येच."

"बंद करू नका, रद्द होत नाही, पुढे जात नाही! हे यंत्र आहे की तुमची समिती?"

"माझी कुठली समिती, वहिनी..."

"कुणाचीही असो!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. गल्लीत शाळेतून परतणाऱ्या मुलांचा गलका सुरू झाला. वहिनी खोलीत येरझाऱ्या घालत होत्या आणि त्यांचा राग आता एका जागी ठरत नव्हता. फाईल आपली, आवाज आपल्या माणसाचा, यंत्र आपलं, वीज आपली. तरी हे यंत्र कुणाला तरी विचारल्याशिवाय हात लावायला तयार नाही. घशातला काढून घेतलेला आवाज खोक्यात भरून दारात आणून ठेवलाय, आणि दारावरचा पहारेकरी म्हणतो, थांबा, वरून निरोप येऊ दे.

भोंग्याने टेबलावर बोटांनी टकटक केलं. काही दाखवायचं असलं की तो असंच करायचा. उघडलेल्या पहिल्या खिडकीच्या अगदी तळाशी, गोलाच्याही खाली, एक बारीक ओळ होती. अक्षर इतकं बारीक की दुपारभर दोघांच्याही नजरेतून सुटलं होतं. 'संपर्क करत आहे', आणि पुढे एक लांबलचक पत्ता.

वहिनींनी चष्मा लावला. "कुणाशी संपर्क करतंय हे?" त्यांनी तो पत्ता अक्षर अक्षर लावला आणि दिरांना पुन्हा फोन केला. "भाऊजी, हे कोण?"

त्यांनी पत्ता वाचून दाखवला.

"ऐकताय ना?"

"वहिनी, ती... ती माझी जुनी कंपनी. तिथे लिनक्सच्या सगळ्या प्रोग्रॅमांची नक्कल ठेवलेली असायची, भराभर उतरायची. म्हणून मीच तो पत्ता त्यात घातला होता."

"मग? देत का नाहीत ते उत्तर?"

"कंपनी बंद पडली ना. गेल्या वर्षीच."

वहिनी मटकन खुर्चीवर बसल्या. "म्हणजे दुपारपासून हे बंद घराची कडी वाजवत बसलंय?"

"तसंच म्हणायचं. थोडा वेळ वाजवतं, कंटाळतं, परत वाजवतं. माझंच राहून गेलं काढायचं. मी असं करतो वहिनी, संध्याकाळी घरी गेलो की इथूनच तुमच्या यंत्रात शिरतो आणि..."

पुढचं वहिनींनी ऐकलं नाही. त्या उठल्या, दाराशेजारच्या फळीवर हिरवे दिवे लुकलुकवत बसलेल्या राउटरपाशी गेल्या आणि त्याची पिन भिंतीतून खसकन उपटली.

"घे! विचार आता कुणाला विचारायचंय ते!"

भोंग्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. पडद्यावरचा गोल एकदा अडखळला. खाली ओळ आली, 'नेटवर्क उपलब्ध नाही.' आणि मग, जणू काही घडलंच नव्हतं अशा थाटात, यंत्राने विचारायचं सोडून दिलं आणि दुपारभर अडवून धरलेली फाईल मुकाट्याने आत घेतली. पट्टी डावीकडून उजवीकडे सरकन भरली. 'इन्स्टॉल झाले.' गल्लीतली मुलं अजून कोपऱ्यापर्यंतही पोहोचली नव्हती.

"अस्सं!" वहिनी म्हणाल्या. आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचं डोकं जास्तच तापलं. "म्हणजे येत होतं याला! सगळं येत होतं! नुसतं कुणी नाही विचारायला म्हटल्यावर कसं सुतासारखं सरळ झालं! इंटरनेट चांगलं ठेवा म्हणे! फोन द्या, त्या बासरीवाल्याला सांगते..."

भोंग्याने त्यांची बाही ओढली. त्याने नवीन खिडकी उघडली, काहीतरी टाईप केलं आणि बटण दाबलं.

"चहा ठेव," भोंग्याचा आवाज म्हणाला.

तोच तो. भरदार, गोल, एकेक अक्षर सुटं. खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत भरून राहिला. भोंग्याने डोळे मिटून घेतले. कितीतरी दिवसांनी तो स्वतःला ऐकत होता. वहिनी मात्र उभ्याच राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच यायला लागलं.

"हा नाही," त्या म्हणाल्या.

भोंग्याने डोळे उघडले.

"हा तुमचा नाही. म्हणजे तुमचाच आहे, पण हा ड्युटीवरचा. फलाट क्रमांक अमुकवर चहा ठेव, असं म्हटल्यासारखं. घरी कधी बोललात असं? घरी तुम्ही शेवटचं अक्षर गिळायचात. 'च्या ठेव गं' म्हणायचात, अर्धं नाकातून."

भोंग्याने लॅपटॉप जवळ ओढला. मग टाईप करायला लागला. बोटांना सवय नव्हती, एकेक अक्षर शोधून दाबत होता.

"त्या खोलीत काचेपलीकडे माणसं बसलेली," आवाज म्हणाला, भारदस्तपणे. "घरच्यासारखं कसं बोलणार?"

"मग कुणी सांगायला नको? बाईंनी सांगायला नको, की बाबा, हे घरात वापरायचंय, घरच्यासारखं बोल?" वहिनी ओट्याकडे वळल्या आणि चहाचं भांडं इतक्या जोरात आपटलं की झाकण घरंगळत दारापर्यंत गेलं. त्या रडत होत्या हे भोंग्याला पाठीवरून कळलं, पण तो उठला नाही. रडताना मध्ये आलेलं त्यांना खपत नसे.

दुसऱ्या दिवशी समितीच्या टेबलावर भोंग्याने लॅपटॉप उघडला. अध्यक्षांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

"हे काय?"

"माझा आवाज," लॅपटॉप म्हणाला, आणि बाहेरच्या व्हरांड्यातून जाणारा एक कारकून सवयीने थबकून, कुठली गाडी लागली म्हणून कान देऊ लागला.

भोंग्याने आपली बाजू घरीच टाईप करून आणली होती. कुठली बस कुठून कधी सुटते हे त्याला पाठ आहे, चौकशीच्या खिडकीवर लोक कसे चिडून येतात हे ठाऊक आहे, आणि लिहून, बोट दाखवून, या आवाजाने, तो काम करू शकतो. नीट, मुद्देसूद. डॉक्टरीणबाई मान हलवत ऐकत होत्या. व्यवस्थापक तर खिडकीबाहेर बघत होते, डोळे पुसत असावेत. त्यांनी हा आवाज वर्षानुवर्षं ऐकला होता.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "बोललं ते यंत्र. अर्जदार स्वतः बोलले असं धरायचं का, हे वरून विचारून घ्यावं लागेल. तोवर निर्णय राखून ठेवू."

वहिनींची मूठ आवळली गेली. वरून विचारून! त्या उठणार तोच भोंग्याने डाव्या हाताने त्यांना खाली बसवलं आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टाईप करायला घेतलं. सगळे थांबले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. बोट एकेक अक्षर शोधत राहिलं. मग त्याने बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," आवाज घुमला. "समिती नियोजित वेळेपेक्षा उशिराने धावत आहे. समिती नेमकी केव्हा येईल हे समितीलाच माहीत नाही. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल कुणालाही खेद नाही."

डॉक्टरीणबाईंना आधी हसू आवरेना, मग त्यांनी ते आवरायचा नाद सोडला. व्यवस्थापक तोंडावर रुमाल धरून खोकायला लागले. व्हरांड्यात कुणीतरी टाळी वाजवली.

"यात विचारायचं काय आहे?" डॉक्टरीणबाई अध्यक्षांकडे वळल्या. "ज्याने हे रचलं तोच बोलला. तो कागद द्या इकडे." त्यांनी सही केली. व्यवस्थापकांनी केली. अध्यक्ष लालबुंद होऊन बसून राहिले, आणि दोघांच्या सह्या झालेल्या कागदाकडे किती वेळ बघत बसणार, म्हणून त्यांनीही केली.

आदेश घरी आला तेव्हा त्यात 'तात्पुरत्या तत्त्वावर' आणि 'विशेष सवलत म्हणून' असे शब्द होते. वहिनींनी ते मोठ्याने वाचले आणि प्रत्येक शब्दावर वेगळा राग काढला. सवलत कसली? काम करणार तो माणूस, घाम गाळणार तो, आणि सवलत यांची? भोंगा इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्याला निळा पडदा बांधून खिडकीवर रुजू झाला. त्या दिवशी लोक काम नसतानाही मुद्दाम काहीतरी विचारायला आले.

वहिनी मात्र तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्या वाचा-विभागात गेल्या आणि वाचाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही आम्हाला ड्युटीचा आवाज दिलात. घरचा कुठे आहे?"

वाचाबाई आधी गोंधळल्या. मग म्हणाल्या, वाक्यांच्या मधलं बोलणं, खोकणं, चुकलेलं, सगळं कापून टाकावं लागतं. त्यावरून वेगळा आवाज बनवणं काही जमणार नाही, ते फार थोडं आहे. पण तुकडे ठेवलेले आहेत.

"कापड मीही कापते," वहिनी म्हणाल्या. "चिंधीसुद्धा कुणाच्या अंगावरची आहे हे विचारून टाकते. लावा."

वाचाबाईंनी लावलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. खोकला. पाण्याचा घोट. एक वाक्य चुकून अर्ध्यात सोडलेलं. मग काचेपलीकडच्या कुणाला तरी उद्देशून, शेवटचं अक्षर गिळून, अर्धं नाकातून:

"आटपा हो लवकर. बायको बाहेर थांबलीय. चिडेल."

वाचाबाईंनी हळूच वहिनींकडे पाहिलं.

"मुळीच नव्हते चिडले मी," वहिनी म्हणाल्या, डोळे पुसत, भयंकर रागावून. "परत लावा."